छोटे मासिक जगते कसे?

पावसाळ्यात गोदावरी चढू लागली की नाशिकमध्ये जो तो एकच विचारतो : "पाणी दुतोंड्याच्या कुठवर आलंय?" गोदाघाटावर दोन तोंडांच्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. पाणी तिच्या पायाला लागले, गुडघ्याला आले, कमरेपर्यंत चढले, गळ्याला भिडले, यावरून पुराचा अंदाज बांधण्याची शहराची जुनी रीत आहे. १९६९, २००८ आणि २०१६ च्या मोठ्या पुरांच्या आठवणी नाशिककर याच भाषेत सांगतात. दुसरीकडे वृत्तपत्रात गंगापूर धरणाच्या विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी या मापात छापून येतो.

ही दोन मापे शेजारी शेजारी नांदतात. पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय? विसर्ग दुप्पट झाला तर मारुतीवरचे पाणी दुप्पट उंचीवर जाईल का? नाही. विसर्ग म्हणजे नदीच्या काटछेदाचे क्षेत्रफळ गुणिले पाण्याचा वेग. पाणी चढते तसे पात्र रुंद होत जाते आणि वेगही वाढतो. त्यामुळे उंची दुप्पट होण्याच्या बऱ्याच आधी विसर्ग दुप्पट झालेला असतो.

नववीच्या मुलांना हा प्रश्न आवडतो. पण तो छापायचा कुठे? पाठ्यपुस्तक साऱ्या राज्याचे. त्यात नाशिकचा दुतोंड्या येणार नाही. पूर ओसरला की वृत्तपत्राचा विषय संपतो. संशोधनपत्रिकेला मारुतीचे गुडघे चालणार नाहीत. विज्ञान-तंत्रज्ञान आणि लोकांची राहणी जिथे एकमेकांत मिसळलेली असतात, अशा विषयांसाठी वेगळी जागा लागते. ही जागा बहुधा छोट्या, स्वतंत्र नियतकालिकांनी दिली आहे.

आम्ही नाशिकच्या काही शिक्षकांनी असेच एक चारपानी पत्रक चालवून पाहिले. ते दोन वर्षांनी बंद पडले आणि नंतर पुन्हा सुरू झाले. बंद का पडले, हे शोधताना आम्ही जुन्या मासिकांचा इतिहास वाचला आणि कागदावर थोडे गणितही केले. ते या लेखात मांडत आहोत.

वाटाण्याचा वेल आणि 'नवयुग'

छोटे मासिक नसले तर काय हरवते, याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाल्यावर त्यांनी आपले बिऱ्हाड आणि चित्रपटांचे काम नाशिकला आणले. १९४४ साली त्यांचे निधन झाले, तेही नाशिकलाच. त्यांच्या बहुसंख्य चित्रपटांच्या फिल्म नष्ट झाल्या आहेत.

तरीही हा माणूस चित्रपटाकडे कसा वळला, विलायतेहून कॅमेरा कसा आणला, घरातल्या माणसांनी काय सोसले, याची हकीगत आपल्याला खुद्द त्यांच्या शब्दांत वाचता येते. कारण 'नवयुग' नावाच्या मराठी मासिकाने त्यांना लिहिते केले. 'भारतीय चित्रपट' ही त्यांची लेखमाला १९१७ च्या नोव्हेंबरपासून त्या मासिकात आली. फाळक्यांविषयी पुढे जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग या लेखांवर उभा आहे.

भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी आधी वाटाण्याच्या वेलाच्या वाढीची छोटी फिल्म केली होती. कॅमेरा एका जागी रोखायचा, ठरावीक वेळाने एकेकच चित्र घ्यायचे आणि मग ती सारी चित्रे सलग दाखवायची. यातले गणित आपण सोप्या आकड्यांनी करून पाहू. समजा, तासाला एक चित्र याप्रमाणे ३० दिवस चित्रे घेतली. एकूण चित्रे ७२० झाली. सेकंदाला १६ चित्रे या वेगाने ती दाखवली तर ४५ सेकंद लागतील. महिन्याभराची वाढ पाऊण मिनिटात डोळ्यांसमोर! वर्गात मोबाइलच्या कॅमेऱ्याने हा प्रयोग आज सहज करता येतो.

यंत्राची माहिती, पैशाची ओढाताण, पुराणकथांची आवड आणि स्वदेशीची तळमळ हे सारे एका लेखमालेत आले. असे लेखन ना निव्वळ तांत्रिक असते, ना निव्वळ साहित्यिक. ते स्वीकारणारा एक संपादक त्या वेळी होता, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले.

पहिली प्रत आणि पुढच्या प्रती

आता अशा मासिकाचा हिशेब पाहू. कोणत्याही छापील अंकाचा खर्च दोन भागांत पडतो. पहिला भाग म्हणजे पहिली प्रत तयार होईपर्यंतचा खर्च : लेख मिळवणे, तपासणे, आकृत्या काढणे, अक्षरजुळणी, मुद्रिते वाचणे, छपाईची तयारी. तुम्ही एक प्रत छापा की हजार छापा, हा खर्च तेवढाच राहतो. त्याला आपण 'स' म्हणू. दुसरा भाग दर प्रतीमागे वाढतो : कागद, शाई, घडी, टाचणी, टपाल. त्याला 'प' म्हणू. प्रतींची संख्या 'न' असेल, तर एका प्रतीला पडणारा खर्च असा :

एका प्रतीचा खर्च = (स ÷ न) + प

हिशेबाला सोयीचे आकडे घेऊ. स = ३,००० रुपये, प = ८ रुपये.

५० प्रती : ६८ रुपये
१०० प्रती : ३८ रुपये
२०० प्रती : २३ रुपये
३०० प्रती : १८ रुपये
६०० प्रती : १३ रुपये
१,२०० प्रती : १०.५० रुपये
३,००० प्रती : ९ रुपये

याचा आलेख काढला तर वक्र सुरुवातीला कड्यासारखा उतरतो आणि पुढे जवळजवळ आडवा होतो. पन्नासाच्या शंभर प्रती झाल्या की एका प्रतीमागे ३० रुपये वाचतात. बाराशेच्या तीन हजार झाल्या तरी वाचतो केवळ दीड रुपया. म्हणजे मोठ्या मासिकाला हजारभर वाचक वाढले वा घटले तरी फारसे बिघडत नाही. छोट्या मासिकाचे मात्र पन्नास वर्गणीदार गळाले की ते थेट कड्यावरून घसरते. छोटी मासिके बहुधा पहिल्या शे-दोनशे प्रतींच्या टप्प्यातच मरतात, त्याचे कारण या भागाकारात आहे.

खरा प्रश्न यातूनच पुढे येतो : 'स' कोण सोसतो? मासिक किती स्वतंत्र आहे, हेही या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

खिळे, स्टेन्सिल आणि संगणक

'स' आणि 'प' यांची वाटणी छपाईच्या तंत्रावर अवलंबून असते, आणि तंत्र बदलले की कोण लिहू-छापू शकतो हेही बदलते.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात मराठी अक्षरजुळणी हे कष्टाचे काम होते. इंग्रजीला मोठी-लहान अक्षरे, अंक आणि चिन्हे मिळून दीडएकशे प्रकारचे खिळे पुरत. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून कित्येकशे प्रकार लागत. जुळाऱ्यासमोर खणांच्या पेट्या रचलेल्या असत आणि त्याचा हात दिवसभर त्यांतून फिरत असे. खिळे जास्त, वेळ जास्त, म्हणून 'स' जास्त. लिपी सुधारण्याच्या चळवळीमागे भाषेच्या अभिमानाइतकेच हे छापखान्यातले गणितही होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी, म्हणजे इ-ई-उ-ऊ ही स्वतंत्र अक्षरे टाळून 'अ'लाच वेलांट्या आणि उकार जोडण्याची पद्धत, किर्लोस्कर मासिकांनी काही काळ वापरली. स्वरांचे तेवढे खिळे तरी त्यामुळे वाचले.

सायक्लोस्टाइलने हिशेब उलटा केला. मेण लावलेल्या पातळ कागदावर टंकयंत्राने किंवा अणकुचीदार लेखणीने मजकूर उमटवला की त्या जागचे मेण निघते. मग फिरत्या नळकांड्यावरची शाई तेवढ्याच जागेतून खालच्या कागदावर उतरते. एका स्टेन्सिलवर काही शे प्रती निघत. छपाई ओबडधोबड, पण 'स' अगदी थोडा. १९५० च्या दशकाच्या मध्यास मुंबईच्या तरुण कवींनी काढलेले 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवरच निघत असे. मराठीतल्या लघुनियतकालिकांच्या चळवळीची सुरुवात तिथून मानली जाते. छापखान्याची पायरी न चढता अंक काढता आला, म्हणून प्रस्थापित मासिकांच्या संमतीची वाट पाहावी लागली नाही.

पुढे संगणकावरची अक्षरजुळणी आली आणि जुळाऱ्याच्या पेट्या अडगळीत गेल्या. पण इथे एक खाच राहिली. १९९० च्या दशकात निरनिराळ्या कंपन्यांच्या मराठी फॉन्टची सांकेतिक मांडणी निरनिराळी होती. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला लेख दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की अक्षरांचा नुसता चिवडा दिसे. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीतील प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक मिळाला. पण तो सर्वत्र रुळायला बरीच वर्षे गेली. मधल्या काळातले कित्येक अंक आज फाइल असूनही वाचता येत नाहीत. ज्यांच्या छापील प्रती कोणी जपल्या, तेवढे वाचले.

नांगराच्या कारखान्यातून निघालेले मासिक

आता 'स' कोण सोसतो, या प्रश्नाकडे वळू. मराठीत याची तीन तऱ्हेची उत्तरे सापडतात.

पहिले उत्तर एका शिक्षकाचे आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, हे आपण पत्रकारदिनाला मुलांना सांगतो. १८४० साली त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढले, हे मात्र सांगायचे राहून जाते. भौतिकशास्त्र, भूगोल, इतिहास असे विषय मराठीत समजावून सांगणारे ते मासिक होते. बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये शिकवत आणि उरलेल्या वेळात लिहीत. १८४६ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते वारले. त्या काळी पगारी लेखकवर्ग नव्हता. मासिकाचा 'स' मुख्यतः एका माणसाच्या ज्ञानातून आणि श्रमातून भरला जात होता.

दुसरे उत्तर समूहाचे आहे. पुण्याचे 'सृष्टिज्ञान' १९२८ पासून निघते आहे. विज्ञानाला वाहिलेल्या मासिकाला एवढे दीर्घ आयुष्य लाभते, ते संपादकांच्या आणि लेखकांच्या पिढ्यांमागून पिढ्या भार उचलत आल्या म्हणून. एक थकला तर दुसरा पुढे येतो.

तिसरे उत्तर सर्वांत अनपेक्षित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली. तीच किर्लोस्करवाडी. तिथे लोखंडी नांगर तयार होत. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर घडवण्याइतकेच तो समजावून सांगणेही अवघड होते. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकला शिकलेले. कारखान्याच्या जाहिरातींचे काम ते पाहत. त्यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. गिऱ्हाइकांशी आणि विक्रेत्यांशी संबंध राहावा, मालाची आणि वसाहतीची खबर त्यांना कळावी, एवढाच मूळ हेतू.

पण नांगर वापरणारा माणूस नुसता नांगर वापरत नाही. तो सण करतो, मुलीचे लग्न ठरवतो, गोष्टी वाचतो, नशिबाला दोष देतो. शंकररावांनी हे ओळखले. पत्रात हळूहळू उद्योजकांची चरित्रे आली, कथा आल्या, व्यंगचित्रे आली, सामाजिक प्रश्नांवरचे लेख आले. १९२९ मध्ये 'खबर' हा शब्द गळून नुसते 'किर्लोस्कर' उरले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे आली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठा सांगणारे आणि रूढींवर घाव घालणारे निबंध १९३० च्या दशकात 'किर्लोस्कर'मधून प्रसिद्ध झाले. एका माळरानावरच्या यंत्राच्या कारखान्यातून निघालेल्या मासिकाने मराठी मध्यमवर्गाच्या आवडीनिवडी घडवल्या.

सुरुवातीचा 'स' कारखान्याने सोसला, हे उघड आहे. त्याबदल्यात कारखान्याचे नाव मुखपृष्ठावर राहिले आणि मालाची जाहिरात आतल्या पानांत. पण संपादकाचा हात मोकळा होता. रूढीप्रिय वाचकाला, म्हणजे कदाचित उद्याच्या गिऱ्हाइकालाही, न रुचणारे लेख त्यात येऊ शकले. पुढे वर्गणीदार वाढले, आलेखाचा कडा मागे पडला आणि मासिक स्वतःच्या पायांवर उभे राहिले.

या तीन उदाहरणांवरून आम्हांला असे वाटते की, पैसा बाहेरून आला म्हणून स्वातंत्र्य लगेच जात नाही, आणि पैसा न घेतल्याने ते आपोआप टिकतही नाही. 'स' कोण सोसतो आणि त्याबदल्यात काय मागतो, ही दोन्ही उत्तरे वाचकाला उघड दिसली पाहिजेत. ती दिसत असतील तर वाचक स्वतःच तारतम्य ठेवतो.

आमचा हिशेब आणि आमची चूक

आमच्या पत्रकाचा तिसरा अंक पुरावर होता. दुतोंड्या, धरण, पात्राचा काटछेद, जुन्या लोकांच्या आठवणी असे सारे त्यात होते. अंक निघाला आणि आठवड्याभरात पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त वाचकांचे पत्र आले. आम्ही उदाहरण म्हणून घेतलेल्या विसर्गाच्या आकड्यापुढे 'घनफूट' ऐवजी 'घनमीटर' छापले होते. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. आकडा होता १०,००० प्रतिसेकंद. तो घनफुटांत असेल तर सुमारे २८३ घनमीटर. आम्ही मात्र त्याचे साडेतीन लाख क्युसेक करून ठेवले होते. "एवढ्या पाण्यात तुमचा मारुती कुठे शोधायचा?" असे त्यांनी शेवटी विचारले होते.

पुढच्या अंकात पहिल्याच पानावर आम्ही चूक कबूल केली आणि दोन्ही एककांचा तक्ता दिला. गंमत अशी की, तो अंक सर्वांत जास्त वाचला गेला. त्या गृहस्थांनी पुढे आमच्यासाठी दोन लेख लिहिले. मोठ्या पत्रात चूक दुरुस्त होते ती कोपऱ्यातल्या चौकटीत. छोट्या पत्रात चूक काढणारा वाचक उद्याचा लेखक होतो. शंभर वाचकांचे मासिक कमी पोहोचते खरे, पण त्या शंभरांतले वीस जण उलट उत्तर देतात. विज्ञानाची पद्धत यापेक्षा वेगळी काय असते?

मग ते बंद का पडले? वर्गणीतून कागद, छपाई आणि टपाल सुटत होते. म्हणजे 'प' भागत होता. 'स' मात्र आमच्यातल्या दोघा जणांच्या रविवारांतून भरला जात होता, आणि तो आम्ही कधी वहीत मांडलाच नव्हता. एकाची बदली झाली, दुसऱ्याच्या घरी आजारपण आले आणि आठव्या अंकानंतर काम थांबले. पैशाची तूट नव्हती. जी तूट होती ती हिशेबात दिसत नव्हती.

पुन्हा सुरुवात करताना आम्ही तीन गोष्टी बदलल्या. दर अंकाला कोणाचे किती तास लागले, हे आता वहीत लिहिले जाते. प्रत्येक अंकाचा संपादक पाळीने वेगळा असतो. आणि वर्षाला बारा नव्हे, चारच अंक निघतात. चार अंकांनी 'स' तिपटीने कमी होतो, पण वाचकाचा धागा तुटत नाही.

पडद्यावरचा अंक

आता कोणी विचारील, हा सारा खटाटोप हवा कशाला? अंक मोबाइलवरून पाठवावा. कागद नको, टपाल नको. बरोबर आहे. पडद्यावरच्या अंकात 'प' जवळजवळ शून्य होतो. आमचाही अंक आता बहुतेकांना तसाच जातो.

पण वरचे सूत्र पुन्हा पाहा. प शून्य झाला तरी स ÷ न उरतोच. लेख मिळवणे, तपासणे, आकडा पुन्हा पडताळणे, आकृती काढणे यांतले काहीही कमी होत नाही. फरक एवढाच पडतो की, प्रत फुकट मिळू लागल्याने वाचकाला अंकच फुकट तयार होतो असे वाटू लागते. मग 'स' कोणाच्या तरी रविवारात लपतो किंवा जाहिरातदाराच्या खिशात जातो. टपालखर्च जसा दिसायचा तसा तो दिसत नाही. आमचे दोन वर्षांनी जे झाले, ते अशा ठिकाणी आणखी लवकर होऊ शकते.

दुसरा प्रश्न जपणुकीचा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली, म्हणजे 'दिग्दर्शन' सुरू झाले त्याच वर्षी स्थापन झाले. ग्रंथालयांनी कपाटे सांभाळली म्हणून शंभर वर्षांपूर्वीचे मासिक आज आपल्या हाती पडू शकते. ज्या टपालावर अशी मासिके गावोगाव पोहोचली, त्याची तिकिटे १९२६ पासून आमच्या नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. कागद, टपाल आणि कपाट अशी ती साखळी होती. पडद्यावरच्या अंकाला साठवणुकीची जागा भाड्याने घ्यावी लागते. भाडे थकले की अंक एका रात्रीत नाहीसा होतो, आणि वाळवीने खाल्लेल्या पानासारखा तुकडाही मागे उरत नाही. म्हणून आम्ही दर अंकाच्या दहा तरी प्रती कागदावर छापतो आणि ग्रंथालयांत देतो. मजकूर युनिकोडमध्येच ठेवतो.

नियमितपणे विकायचे नियतकालिक असेल तर त्याची नोंदणी करावी लागते. १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. अंक बाजारात नेण्यापूर्वी तो पाहून घ्यावा. शाळेच्या भिंतीवर लावायच्या हस्तलिखिताला मात्र ही कटकट नाही, आणि सुरुवात तिथूनच करणे उत्तम.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. एक मोठा कागद तीनदा घडी घाला. आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे होतात. घडी न उलगडता पृष्ठांवर १ ते १६ आकडे घाला, मग कागद उलगडा. आकडे इतस्ततः, काही उलटे दिसतील. पण शिलाईच्या घडीच्या दोन्ही बाजूंच्या पृष्ठांची बेरीज नेहमी १७ येईल. चार पृष्ठांच्या अंकात ती ५ येते. का, ते मुलांना शोधू द्या.

२. तुमच्या भागातले जुन्या अंकांचे एक गणित मांडा. स आणि प यांचे खरे दर छापखान्यात विचारून घ्या आणि आलेख काढा. कडा कुठे संपतो, ते पाहा.

३. एका अंकासाठी एकच विषय घ्या, पण तो दोन्ही बाजूंनी लिहा. तांबट आळीत भांडे ठोकताना ते मधूनमधून तापवावे का लागते, आणि ठोके मोजण्याचे बोल कोणते? येवल्याच्या मागावर पैठणीचा मोर धाग्या-धाग्याने कसा चढतो, आणि त्या विणकराची मुले आज काय करतात? बागलाणातल्या फड पद्धतीत पाटाचे पाणी कोणाला कधी मिळायचे हे कोण ठरवायचे?

४. अंकाच्या शेवटच्या पानावर 'चुकीची दुरुस्ती' हे सदर पहिल्या अंकापासून ठेवा. ते रिकामे राहिले तर समजा, अंक कोणी नीट वाचलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात पूर ओसरल्यावर आमची मुले घाटावर गेली. दोरी आणि फूटपट्टी घेऊन त्यांनी दुतोंड्याच्या पायापासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत किती अंतर आहे, ते मोजून आणले. ते आकडे आता आमच्या ताज्या अंकात आहेत. पुढच्या पुरात कोणी "कमरेपर्यंत पाणी आलं" म्हणाले की वर्गात त्याचे मीटर होतील. एवढ्यासाठी तरी पुढचा अंक निघायला हवा.